गाव नसलेला नंबर

तुरमुरीच्या फाट्यावर माझा बूथ होता,
पोलिओच्या कोट्यातून मिळालेला.
पिवळा पत्रा, काळी अक्षरं, आत एक पंखा
आणि लाल आकड्यांचा मीटर.

दर मला पाठ होते, जशा इतरांना आरत्या.
बेळगावला तीन मिनिटांना एक कॉल.
शिनोळीला,
म्हणजे त्या समोरच्या काजूंच्या पलीकडे,
जिथलं कुत्रं भुंकलं तर आमचं उत्तर देतं,
शून्य दोन तीन दोन शून्य. एसटीडी.
रात्री अकरानंतर पाव दर,
म्हणून दोन राज्यांत दिलेल्या सख्ख्या बहिणी
अकरानंतर भांडायच्या.

एके संध्याकाळी कल्लाप्पा पावशे आला
पेपरातला कपटा घेऊन.
कपट्यावर एक बाई हसत होती
आणि तिच्या डोक्यावरून गेलेला लांबलचक नंबर.
म्हटलं, हा दोन सेकंदांना एक कॉल खातोय बघ.
"खाऊ दे की."

मीटर असा पळताना मी पाहिला नव्हता.
काचेतून कल्लाप्पा दिसत होता,
एक हात भिंतीवर, मान खाली.
बोलला एकदाच, सुरुवातीला: स्वतःचं नाव.
मग नुसतं ऐकत राहिला.

चारशे बारा रुपये.
खिशात नव्वद. मनगटावर घड्याळ.
"तिनं माझं नाव घेतलं," म्हणाला,
घड्याळाचा पट्टा सोडता सोडता.
दर आधी सांगायचा असा नियम होता, आणि सांगितलाही होता,
मुंगीएवढ्या अक्षरांत,
बाईच्या चपलेखाली.

घड्याळ न्यायला तो आला नाही.
मीही कधी किल्ली दिली नाही त्याला.

आणि नागुबाई. शनिवारचा बाजार करून,
रताळ्यांची पाटी बाहेर ठेवून,
विम्याचं पाकीट पदरातून काढून:
"ह्याला किती रे?"
काही नाही, मावशी.
"मग पैसे कोण देतंय?"
जो उचलतो, तो.
हे तिला पटलं नाही. उचलणारा देतो
असं तिच्या बघण्यात कधी आलं नव्हतं.
"कुठलं गाव म्हणायचं हे?"
एक आठ शून्य शून्य. ह्याला गाव नाही.

तिनं बाहेर फाट्यावरच्या पाटीकडं पाहिलं,
जिच्यावर दोन लिप्या पाळीपाळीनं
डांबर खायच्या.
"बरं हाय त्याचं," म्हणाली.

कन्नडसाठी एक दाबा. हिंदीसाठी दोन.
इंग्रजीसाठी तीन.
ती चारची वाट बघत राहिली.
पुन्हा एक. पुन्हा दोन. पुन्हा तीन.
बाहेर गिऱ्हाईकं खोळंबलेली,
माझी लाईन अडकलेली, मीटरवर शून्य,
आणि खात्याचं पत्रक भिंतीवर:
असा कॉल नाकारता येणार नाही.
फुकटाचं वजन कुणाच्या तरी खांद्यावर पडतंच,
त्या दिवशी माझ्या.

मग तिनं एक दाबला
आणि सुरू झाली, हेळ्री, हेळ्री,
जशी रविवार पेठेत मापाड्याशी भांडते तशी कन्नड,
हात नाचवत, मध्येच हसत,
पॉलिसीचा आकडा न अडखळता.
मला वाटलं, मग इतका वेळ
वाट कसली बघत होती?

अचानक गप्प झाली.
दार किलकिलं करून रिसीव्हर माझ्याकडं धरला.
"मालकांचं नाव विचारूलालाय.
तू सांग."

वर्ष होऊन गेलं होतं माणूस जाऊन.
मी कुबडी टेकवून उठलो
आणि त्या गाव नसलेल्या कानात म्हणालो,
भरमाण्णा. भरमाण्णा सातेरी होनगेकर.
पलीकडून कुणीतरी टाईप केलं, सावकाश,
मला बटणं ऐकू आली.

पावती निघाली: अकरा मिनिटं, वीस सेकंद,
रक्कम शून्य शून्य.
तिनं ती घडी करून पाकिटात ठेवली,
आणि माझ्या टेबलावर दोन रताळी.