कारणाचा रकाना

हरिणीनं प्रत्येक मागाला एक वही टांगली,
सुतळीनं, पेन्सिलीसकट.
माग किती वाजता थांबला, किती वेळ, का.
तीन रकाने. तिसरा सगळ्यांत रुंद.

मी हसलो. अक्कलकोट रोडवर
सव्वीस वर्षं टॉवेल विणतोय.
दारात चप्पल काढता काढता
नुसत्या खटखटीवरून सांगतो,
नऊ नंबरचं आज काहीतरी बिनसलंय.
वडील तर टॉवेल गालाला लावून भाव ठरवायचे.
आमच्या घराण्यात गाल हीच खतावणी.

पहिल्या महिन्याच्या वह्या आल्या.
चोवीस माग, चोवीस शून्यं.
अख्ख्या एप्रिलात एक धागा तुटला नव्हता.
मी पेढे आणायला माणूस पाठवणार होतो.

"नाना, हे शून्य घाबरलेलं आहे," ती म्हणाली.
आणि मग, पावती मागावी तशा आवाजात,
"मागच्या दिवाळीत मल्लेशमचे किती कापले होते?"

तीनशे.
बारा टॉवेलांच्या किनारीला भोकं,
त्यानं स्वतः आणून टेबलावर ठेवले होते.
बाकीच्यांनी आपापले डागी नग
गठ्ठ्याच्या मधोमध दडपले
आणि पगार पूर्ण नेला.
मला हे ठाऊक नव्हतं
असं आता म्हणवत नाही.

पाच दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही.
शनिवारी मल्लेशमच्या पाकिटात तीनशे जास्त घातले.
तो मोजून परत आला. "मालक, जादा आलेत."
मागांच्या आवाजात हळू बोलून भागत नाही,
ओरडावंच लागलं,
"जादा नाहीत बे, तुझेच आहेत!"
सगळ्या खात्यानं ऐकलं.

मे महिन्यात वह्यांना कंठ फुटला.
नऊ नंबर एकाच आठवड्यात एक्केचाळीस वेळा थांबलेला.
चौदा नंबर तेहतीस. सगळं दुपारी एक ते चार.
मी म्हटलं, बघ, भाकरी अंगावर येते यांच्या.
तिनं उत्तर दिलं नाही.
फक्त तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

तिथं कुणी तेलुगूत लिहिलं होतं.
वडिलांची लिपी, मी अडखळत वाचली,
अक्षराला अक्षर जोडत, शाळकरी पोरासारखी:
दारं एंडिपोतोंदी.
सूत वाळतंय.

पत्र्याखाली त्रेचाळीस अंश,
खिडकीतून विटभट्टीसारखा वारा,
आणि मी सव्वीस वर्षं
तुटण्याचा आवाज ऐकत होतो,
वाळण्याला आवाज नसतो.

खिडक्यांना ओली पोती लावली.
नळाला पाणी पाचव्या दिवशी,
म्हणून टाकीलाही एक वही टांगली.
एक्केचाळिसाचे सतरा झाले.
शून्य आलं असतं तर
या वेळी मीच घाबरलो असतो.

मग जूनमध्ये तिनं मोराचा कागद काढला.
मोराचा टॉवेल. चार वर्षांत विकले अडीचशे,
गोदामात पडून अकराशे,
आणि तीन माग अजून त्याच्यावर.
मी भांडलो. गाल, घराणं, सगळं काढलं.
ती म्हणाली, "मोर ठेवायचा तर ठेवा, नाना.
फक्त लिहा."
आणि माझ्या टेबलाच्या खिळ्याला
तीच सुतळी, तीच वही.

दोन माग मी उतरवले. एक ठेवला.
कारणाच्या रकान्यात लिहिलं: सणाला उठाव येईल.
खोडलं.
लिहिलं: जुनी गिऱ्हाइकं मागतात.
खोडलं, कारण कोण मागतं ते मला सांगता येईना.
शेवटी लिहिलं:
वडिलांनी चौकटीच्या कागदावर काढलेला मोर आहे.
बंद करायला हात धजत नाही.

हरिणीनं वाचलं.
शेजारी त्या मागाचा महिन्याचा तोटा लिहिला,
आकडा नीट गोल न करता,
आणि पेन्सिल परत सुतळीला अडकवली.