सालीचं साल

अजमानच्या चिनी बाजारामागे, टाइल्सच्या गोदामात
मी स्टोअरकीपर.
टेबलाच्या खणात चलनं, चलनांखाली
गुलाबी गोळ्यांची पट्टी, बहुतेक वेळा रिकामी.
पोटासाठी आलो, आणि बिघडलं तेच.
रात्री बाराला मेसचा भात,
पहाटे चारला ग्वांगझूचा कंटेनर,
मधल्या चार तासांत छातीपर्यंत चढत येणारं
आंबट, कडू, कुणाला न सांगण्यासारखं काही.

घरून आणलेला ओवा संपला.
हिंगाची डबी रूममेटनं वासापायी बाल्कनीत ठेवली,
ऑगस्टमध्ये तिचं झाकण वितळून आत बसलं.

मालकीण फान बाई. तिला हिंदी येत नाही.
आमच्यात अरबीचे सातआठ शब्द,
दोघांनीही चुकीचेच शिकलेले.
एका दुपारी तिनं माझ्या पोटाकडे बोट केलं:
"बतन? मुश्किला?"
"शोया," मी म्हटलं. थोडंसं.
नऊ वर्षं सगळ्यांना थोडंसंच सांगत आलोय.

ती आत गेली, काचेची बरणी घेऊन आली.
बरणीत काळपट, चामड्यासारखं काही,
तीनतीन पाकळ्या, देठापाशी एकत्र धरलेल्या,
आतली बाजू बाहेर.
मी हुंगलं.
आणि मी वरूडचा आहे हो,
संत्र्याच्या ढिगांवर झोपलेला माणूस,
मला डोळे बांधून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.
पण इतकी जुनी साल मी कधी हुंगली नव्हती.
आमच्याकडे साल म्हणजे गुरांपुढे टाकायची,
फार तर बायका उटण्यात वाटतात.

बरणीवर चिकटपट्टी, तिच्यावर आकडा: २००९.
सालीलाही साल असतं.
फान बाईनं हात कमरेएवढा धरला, मग खांद्याएवढा, मग
स्वतःच्या डोक्याच्या वर नेला.
तिची मुलगी. त्या वर्षीची.
साल सासूनं वाळवलेली.

केटलीत एक पाकळी, आल्याचा तुकडा,
पाणी चहासारखं होईतो थांबायचं.
कडू. मग जिभेच्या मागे कुठेतरी गोड.
त्या रात्री झोप लागली असं म्हणणार नाही,
पण एक लांबलचक ढेकर आली,
आणि गोदामात एकटाच मी
मोठ्यानं हसलो.

मेमध्ये सुट्टीवर गेलो तेव्हा
तिनं चार पाकळ्या कागदात गुंडाळून दिल्या.
बॅग उघडली. साबण, बदाम, अत्तर, मेहुण्याचा ट्रिमर,
आणि तळाशी तो कागद.
"भाऊजी, वरूडात संत्र्याची साल आणली? विमानानं?"
अंगणभर हसू फुटलं. मीही हसलो, काय करणार.
कुंदा तेवढी हसली नाही.
तिनं कागद नाकाशी नेला, बराच वेळ धरला,
मग विचारलं,
"पोट दुखतं तुमचं?
कधीपासून?"
आणि सगळ्यांसमोर मला
लगेच काही उत्तर सुचलं नाही.

परवा फोनवर म्हणाली,
"औंदा साली टाकल्या नाहीत मी. गच्चीवर वाळवल्या,
तुम्ही दाखवल्या तशाच, तीन पाकळ्या.
डब्यात भरल्या, वर साल लिहिलं.
किती दिवस ठेवायच्या?"

फान बाईला विचारलं. तिनं कॅल्क्युलेटर ओढला,
ज्याच्यावर आम्ही गिऱ्हाइकाशी घासाघीस करतो तोच,
आणि ३ दाबलं.
मग माझ्या पोटाकडे पाहिलं,
ते पुसलं, १० दाबलं.

इथला विझा दोन वर्षांचा असतो.

"तीन," मी कुंदाला सांगितलं.
"बरं. जेवलात का?"
"जेवलो."
केटलीचं झाकण खडखडायला लागलं होतं,
ते तिला ऐकू गेलं असणार.