हिरवा दिवा

चारशे नव्याण्णवला घेतली,
सानपाड्याच्या पुलाखाली, ताडपत्रीवर,
मोबाइल कव्हरं आणि लिंबू-मिरच्यांच्या मधोमध.
खोक्यावर धावता चित्ता. पस्तीस टक्के जादा ताकद,
पंधरा टक्के कमी पेट्रोल. कोपऱ्यात बारीक अक्षरांत
आणखी काहीतरी होतं, ते चिनीत होतं.

गाडी अकरा वर्षांची, हजार सीसी,
आधीच्या मालकाच्या गणपतीचा गोंद अजून डॅशबोर्डवर.
पारसिकचा चढ लागला की एसी बंद,
हा आमच्या घरातला न बोललेला कायदा.
सुमेधा खिडकी आपणहून खाली करते,
बोलत काही नाही, पण करते.

डबी स्टिअरिंगखाली खोचली. खटकन बसली.
हिरवा दिवा लागला, मग लुकलुकू लागला,
आत बसून कुणीतरी बेरीज करतंय असा.
दोनशे किलोमीटर चालवा, विकणारा म्हणाला होता,
मग ती तुमची सवय शिकते.
माझी सवय शिकायला घरी सतरा वर्षं लागली
आणि अजून चहात साखर जास्तच पडते.

रविवारी पहाटे साडेपाचला बेलापूर.
खालच्या रिक्षा स्टँडपासून वरच्या वळणापर्यंत,
फोनवर सेकंद मोजत.
डबी नसताना एक मिनिट बावीस.
डबी लावून एक मिनिट सतरा.
पाच सेकंद!
वर उभा राहिलो. खाली खाडी, तिच्यापलीकडे
कुठल्याशा कारखान्याचे दिवे अजून विझायचे होते,
आणि मी बॉनेटवर थाप मारत होतो
पहिल्या झटक्यात पास झालेल्या पोराच्या पाठीवर मारावी तशी.

तुर्भ्याचा दस्तगीर हसला नाही.
चष्म्याच्या स्क्रू-ड्रायव्हरने डबी उघडली.
एक दिवा. त्याला एक रेझिस्टर.
दिवा लुकलुकवायला एक काळा किडा.
सोळा पिना, तार फक्त दोघींना:
एक बॅटरीची, एक अर्थिंगची.
"इंजिनाशी याची ओळखच नाही, साहेब.
शेजारी राहतात, एवढंच."

पण पाच सेकंद?
त्यानं हात पुसले, तेच तेच फडकं, आणखी काळं झालं.
"डबी इंजिनाला नाही बसली.
तुमच्या टाचेला बसली."

मग त्याने एअर फिल्टर काढून जमिनीवर आपटला.
कळंबोलीची सगळी धूळ त्यात मुक्कामाला होती.
टायरमध्ये बावीसची हवा.
"मागं काय आहे?"
लाद्या. बाथरूमच्या उरलेल्या. चार खोकी. दोन वर्षं.
"म्हणजे एक माणूस रोज फुकट फिरवताय.
तो पेट्रोलचे पैसे देतो का?"

फिल्टर दोनशे ऐंशी. हवा फुकट. लाद्या गॅलरीत
(त्यावर सुमेधाचं म्हणणं वेगळं आहे).
निघताना त्यानं बिस्किटांचा डबा दाखवला,
आत पेट्रोलच्या नळीला बांधायची लोहचुंबकं,
हवेला गिरकी देणारे पत्र्याचे पंखे,
आणि माझ्या डबीच्या सहा सख्ख्या बहिणी.
"ठेवून जातात. परत मागत नाहीत, लाजतात."
जरा थांबून म्हणाला,
"मीही विकल्यात दोन. धंदा बसला होता तेव्हा.
त्यातला एकजण अजून येतो.
म्हणतो, दस्तगीर, तेव्हापासून गाडी काय पळते!"

पुढच्या रविवारी एक मिनिट सोळा.
एसी लावून.
तरी वळणावर नजर स्टिअरिंगखाली गेलीच.
तिथे अंधार होता, आणि चढ
पूर्वीपेक्षा उगाच जरा लांब वाटला.

काल लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या गोडांब्यांनी विचारलं,
ते तुमचं यंत्र चालतं का हो?
खरं सांगायला सात मजले होते.
म्हटलं, दिवा छान लागतो.

ते मान हलवत राहिले. दार उघडलं,
पाय मध्ये घालून त्यांनी ते अडवलं,
आणि विचारलं, कुठल्या पुलाखाली?