बिनएसीची

वरळीच्या शोरूममध्ये, माझ्या टेबलाच्या उजव्या खणात
एक छापील यादी असते.
गाडी पहिल्या पानावर संपते.
उरलेली एकवीस पानं, तिच्यात काय काय भरता येईल त्याची.
गाडीवर मला अर्धा टक्का, यादीवर चार.
आता सांगा, मी कुठलं पान आधी उघडीन?

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला म्हणतात,
पण इथे कोंबडीच पाऊण कोटीची,
आणि तिचा गुण एवढाच की ती हलकी आहे.
आठशे बासष्ट किलो.
गिऱ्हाईक एका बोटाने दार उघडतं
आणि त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी होतं.
मी ते पाहते.
आणि नेमकी तेव्हाच यादी पुढे करते.

एसी घ्याच सर, मुंबई आहे. (एकवीस किलो.)
स्पीकर, गालिचा, आवाज अडवणारं अस्तर,
तापणारी सीटसुद्धा विकली आहे मी, मे महिन्यात.
नाक वर उचलणारा पंप तर शपथेवर विकते,
लोअर परळचे गतिरोधक पाहिलेत ना?
पेन चालत राहतं
आणि गाडी अधिक महिन्यातल्या जावयासारखी
बसल्या जागी सुस्तावत जाते.

निशिकांत धुरंधरांनी एकाही चौकोनात खूण केली नाही.
बंदरात भरती-ओहोटीचे तक्ते करायचे, निवृत्त.
रेडिओ? नको.
सर, एसी तरी.
"बाई, काच खाली करता येते ना?"
काचेलाही मोटर नको होती त्यांना. हाताने फिरवायचा दांडा.

गाडी बंदरात उतरली त्याच आठवड्यात
त्यांचा गुडघा बदलला.
इतकं खाली बसायचं नाही, डॉक्टर म्हणाले.

मग चौदा महिने ती काचेमागे उभी.
माणसं यायची, दाराला बोट लावायची, हसायची,
एसी नाही म्हटल्यावर
दार इतक्या हळू लावायची, जणू आत कुणी आजारी आहे.
किंमत तीनदा उतरवली.
वागळेसाहेब म्हणाले, बसवून टाका एक.
वर्कशॉपमधला ऑसी म्हणाला, बसवतो की,
पण मग ही ती राहणार नाही.

बॅटरी मरू नये म्हणून रविवारी पहाटे मीच काढायचे तिला,
कोस्टल रोडने, हाजीअलीपर्यंत.
ओहोटीचा वास थेट मांडीवर येऊन बसायचा.
लग्नाहून घरी येऊन झुमके उतरवले
की कानाच्या पाळीला जे होतं,
ते वळणावर सगळ्या अंगाला व्हायचं.
घामाने भिजून परतायचे.
कुणाला सांगितलं नाही.
सोमवारी पुन्हा एकवीस पानं.

शेवटी फिलोमिना तुस्कानोने नेली.
ससून डॉकला मासळीवाल्यांना बर्फ पुरवते, स्वतःचा कारखाना.
"एसी नाही," मी आधीच सांगून टाकलं.
ती म्हणाली, दिवसभर गारठ्यातच असते गं मी.
सात लाखांची सूट घेतली, वर पेढेही आणले नाहीत.

परवा जोगेश्वरीच्या दलालाचा फोन.
ती बिनएसीची कुठे आहे हो? गिऱ्हाईक थांबलंय.
त्याने आकडा सांगितला, मी पुन्हा विचारला.
आणि भरलेल्या गाड्या?
त्या काय, हव्या तेवढ्या उभ्या आहेत.
फिलोमिना विकत नाही. तिला दोनदा विचारून झालं.
धुरंधरांना कळवावं असं वाटलं,
नंबर लावला, वाजू दिला नाही.

यंदाची यादी आली आहे. बावीस पानं.
शेवटच्या पानावर एकच चौकोन:
एसी नाही, रेडिओ नाही, गालिचा नाही, काचेला दांडा.
जादा अकरा लाख.

त्यावरही मला चार टक्केच.