अठरावा प्रश्न

कुपवाडच्या एमआयडीसीत रात्री साडेदहाला
लेथवाल्या सुतारमामांनी शटर अर्धं ओढलं,
म्हणाले, आवरा आता.
ड्रमच्या शाफ्टला अजून अर्धा मिलिमीटर खेळ होता.
मेघराज म्हणाला, चालतंय की.
रुबिना म्हणाली, चालतंय म्हणजे काय?

आम्ही चौघं:
रुबिना मुजावर, मिरजेची, तिचं डिझाइन;
मेघराज कोरे, वेल्डिंग आणि उधारी;
श्रेणिक आडमुठे, ज्याला बाजारपेठ हा शब्द
जेवताना मिठासारखा लागतो;
आणि मी, एक्सेलचा हमाल.

एम.टेक.चं शेवटचं वर्ष. विषयाचं नाव दोन ओळींचं,
अर्धं यंत्राचं, अर्धं धंद्याचं,
लुंगीवर कोट घातल्यासारखं.
तसं साधंच होतं: दोन एकरवाल्यासाठी
हळद घासायचा छोटा ड्रम,
घरच्या सिंगल फेजवर फिरणारा.

मार्चात समडोळीला गेलो, ग्राहकाची मुलाखत घ्यायला.
श्रेणिकच्या फायलीत सतरा प्रश्न.
अक्काताई मगदूम खळ्यावर बसल्या होत्या,
वाळलेली हळकुंडं पोत्याच्या फडक्यात धरून
घासत होत्या, न्हाऊ घालताना
पोराची टाच घासावी तशा, जरा रागानंच.
खर्च विचारला. बोटांवर मोजला त्यांनी:
जळण, कायलीचं भाडं, काढणीच्या बायका,
टेम्पो, हमाली, तोलाई.
"आणि तुमची मजुरी?"
हा प्रश्न फायलीत नव्हता, रुबिनानं मनचाच विचारला.
अक्काताई हसल्या. "घरच्यांची मजुरी कोण धरतंय, बाई?"
मी मांडीवरच्या लॅपटॉपवर टाकलं: शून्य.
त्या दिवसाची हळद अजून कळांच्या फटीत आहे.

एप्रिलात कुंभोजकर सरांनी तक्ता वरून खाली वाचला,
चष्मा काढला, पुसला, परत वाचला.
"अडतिसाव्या यंत्राला खर्च निघतो म्हणताय. छान.
तुमची मजुरी कुठाय?"
"सर, आम्ही विद्यार्थी."
"मग जन्मभर विद्यार्थीच बनवणार का हे?"

त्या रात्री विश्रामबागेत, श्रेणिकच्या खोलीवर,
भडंगाचा पुडा फोडून आम्ही स्वतःचा भाव ठरवत बसलो.
श्रेणिकला सल्लागाराचा दर हवा होता,
मेघराजला वेल्डरचा मिळाला तरी पुष्कळ.
भांडलो ते तास धरायचे?
धर, डिझाइनमध्येच धर.
ते दोघं बोलत नव्हते ते चार दिवस,
जेव्हा ड्रमची जाळी माझ्याच हातून
इकडून तिकडे जात होती, ते?
ते माझ्या नावावर टाकले.
आणि रुबिनाची मिरजेची चुकलेली शेवटची बस?
"ती प्रवासखर्चात," ती म्हणाली, वर न बघता.

एकूण तास एक हजार एकशे चाळीस.
तासाला शंभर, भांडून भांडून.
अडतीसचे एकसष्ट झाले.
श्रेणिक पुडा झटकून म्हणाला, संपलो.

रुबिना खालचा तक्ता बघत होती, शेतकऱ्याचा.
"हे बघ," म्हणाली, "आपला ड्रम काय वाचवतो?"
"तास."
"कुणाचे?"
मी त्या ओळीवर गेलो.
वाचलेले तास एकशे साठ, दर शून्य.
म्हणजे वाचलं काही नाही.
अर्ध्या मिलिमीटरसाठी चार वेळा खोललेला तो ड्रम
आमच्याच हिशेबानं
सात जन्मात फिटणार नव्हता.

कुणी काही बोललं नाही. पंख्याला आवाज होता,
मेघराज उठून बघून आला, बेअरिंग गेलंय म्हणाला.

सकाळी समडोळीला फोन लावला.
मागं घासण्याचा आवाज, मग थांबला.
अक्काताई, तुमची मजुरी किती लिहू?
"कुणाची?"
तुमची.
बराच वेळ नुसती गल्ली ऐकू येत होती, एक मोटरसायकल.
"बाहेरच्या बायका घेत्यात तेवढीच लिव्ह," म्हणाल्या.
मग, "थांब. धा रुपये जास्त लिव्ह.
त्यांना अमावस्येला सुट्टी असती."
आतून कुणीतरी पाणी मागितलं.
"आलो, आलो," म्हणाल्या,
आणि फोन तसाच चालू राहिला.