पान एकशे त्रेचाळीस

गोकुळपेठेतल्या वाचनालयातून महिन्याला एक गठ्ठा येतो,
सुतळीत बांधलेला. यावेळी वरच हे पुस्तक,
पाठ उसवलेली, मधली पानं दुधाच्या दातासारखी हलणारी.
कुंदाताई नंदनवारांची चिठ्ठी: कडा छाटा, पेन्सिल खोडा,
सभासद कुरकुरतात.

बांधायचं तर वाचायचं नाही, हा अब्बांचा नियम.
पण हे पान आपणच उघडलं,
इतकं काळं झालेलं की छापील मजकूरच पाहुणा वाटावा.

गोष्ट तिकडची, अमेरिकेच्या दक्षिणेची,
जिथे मेक्सिकोची माणसं पिढ्यान् पिढ्या बीटाच्या शेतात राबतात.
चिकानो म्हणतात त्यांना, तळटीप सांगते.
पोरगा अकरा वर्षांचा. कालवा कोरडा.
आईचा लाकडी संत तो रात्री उचलतो,
कालव्यात उलटा पुरतो: पाणी आण, मगच बाहेर काढीन.
तिसऱ्या रात्री पाणी येतं.
संत वाहून जातो.
पोरगा काठावर बसून रडतो, प्रकरण संपतं.

एवढंच. आणि त्याभोवती आमचं नागपूर भांडतंय.

"पाणी आलं म्हणजे देवानं ऐकलं." हे शाईत, लफ्फेदार.
खाली बारीक: "फाटक सरकारनं उघडलं. पान १३९ नीट वाचा."
"सरकारला बुद्धी कोणी दिली?"
"पेंचचं पाणी सोडतात तेव्हा तुम्ही नारळ फोडता का हो?"

सेमिनरी हिल्सच्या ऑगस्टीन सरांचं अक्षर मी ओळखतो,
बायबलच्या तीन प्रती त्यांनी माझ्याकडून बांधून घेतल्यात.
पट्टी ठेवून लिहितात:
"लेखकाला आमचा धर्म कळलेला नाही. संत म्हणजे देव नव्हे."
आणि दोन पानांनंतर, पट्टीशिवाय, उतरत गेलेलं:
"माझ्या आईनंही संत अंतोन कोंडला होता, पितळी डब्यात.
मी नोकरीला लागेपर्यंत."

एक पोट्टा, वसतिगृहातला असावा, पानावर तर्रीचा डाग आहे:
"एवढं काय रडून राहिला बे."
त्या 'बे'ला बाण. बाणाच्या टोकाला इंदोऱ्याचे रंगारी,
नाव, तारीख, सगळं लिहिणारा माणूस:
"आजोबांनी छप्पन साली घरचे देव कन्हानला सोडले.
परतताना हात हलके झाले होते, म्हणायचे.
रडायचं कशाला? मलाही पटलं नाही."
त्याखाली दुसरं अक्षर, आडनाव तेच:
"त्यांचे हात हलके झाले. आजी मात्र वर्षभर
रिकामा कोनाडा पुसत होती.
देव तिलाही नकोच होते. पुसायची सवय होती."

मी रबर घेतलं. ठेवलं.
चहा सांगितला.
मोमिनपुऱ्यात अस्रची अजान झाली, मी उठलो नाही,
हेही इथे सांगतो. सलीम गेल्यापासून
मी गुडघ्यांचं कारण देतो.

छाटायचं यंत्र तयारच होतं. पाऊण सेंटिमीटर,
म्हणजे कोनाडा जाईल, डबा अर्धा राहील,
'बे' पूर्ण जाईल.
कडा कापल्याशिवाय पुस्तक होत नाही, गठ्ठाच राहतो,
हेही अब्बाच म्हणायचे.

तर राहू दे गठ्ठा.
शिवलं, खळ लावली, पाठीला मांजरपाट,
वर विटकरी कापड, रात्रभर फळीत दाबून ठेवलं.
कडा तशाच, उंदरानं कुरतडल्यासारख्या.

कुंदाताई म्हणाल्या, हे रांगेतून बाहेर येतंय हो, युनूसभाई.
पातं बोथट झालंय, मी म्हटलं.
आणि पेन्सिल?
रबर संपलं.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि वीस रुपये कमी दिले.

पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, चिकटपानाखाली,
मीही एक ओळ लिहिली आहे, त्या पोराला.
खळ गव्हाची आहे, मोरचूद घातलेली,
वीस-पंचवीस वर्षं तरी सुटत नाही.