कचऱ्यावरून

रात्री साडेअकराला अभ्यासिका रिकामी होते
आणि औसा रोडवरचा हा दुसरा मजला माझा होतो.
ऐंशी खुर्च्या, ऐंशी दिवे,
लाकडी कप्प्यांत ऐंशी घरांची आशा.
मी झाडते.

कोणाला काय येतंय
ते निकालाआधी मला कळतं,
कचऱ्यावरून.

बारा नंबरचा पोरगा किनवटचा.
त्याच्या खुर्चीखाली पिवळ्या पेनांची टोपणं,
आठवड्याला दोन तरी.
पुस्तकाला पानोपान हळद लावून ठेवलीय त्यानं.
हळद लागून तीन महिने झाले,
लग्न काही लागेना.

सत्तावीस नंबर खोलीवर जाऊनही जागतो.
त्याची वही इथंच उघडी राहते कधी कधी.
अक्षर आधी सरळ चालतं,
मग लंगडतं,
मग मुंग्यांची रांग होऊन
समासाच्या बाहेर निघून जातं.
एकदा बोललेच मी,
लेकरा, विरजण लावलेलं भांडं
रात्रभर हलवत बसलं तर दही लागत असतंय का?
तो हसला. डोळे लाल होते.

एक्केचाळीसखाली मात्र नुसते चिठोरे.
पाठकोऱ्या कागदांवर एकच चित्र,
मला आधी वाटलं, चार फोडींचा पेरू.
सोमवारच्या पेरूवर लाल पेनानं सहा फुल्या.
बुधवारी दोन.
आठ दिवसांनी पुन्हा तोच पेरू, पुन्हा तीन,
म्हणजे विसरली होती.
पंधरा दिवसांनी एकही नाही.
असे चिठोरे मी फेकले नाहीत,
का ते विचारू नका.

शिवलीला तिचं नाव, निलंग्याकडची.
सगळ्यात शेवटी उठते.
मी म्हटलं, पुस्तक मिटून कामून बसतीस गं?
म्हणाली, "उघडं असलं की मावशी, सगळं येतंय वाटतं.
मिटलं की कळतंय काय येइना ते."
मग म्हणाली, "बसा, हे हृदय तुम्हाला सांगते.
तुम्हाला कळलं तर मला आलं."

मी झाडू भिंतीला टेकवला.
उजवीकडं, वरच्या खोलीत मळकं रक्त येतं,
खालच्या खोलीत उतरतं,
तिथून फुप्फुसाकडं जातं.
मी विचारलं, परत वर कामून चढत नाही?
"मधे दार असतंय."
दार कोण लावतं?

ती गप्प झाली.
दाराचं नाव तिला येत होतं, इंग्रजीतून सुद्धा.
खाली वॉचमननं शटर वाजवलं
तरी ती पानं उलटत होती.

दुसऱ्या दिवशी दप्तर ठेवायच्या आधी सांगितलं,
"कोणीच लावत नाही, मावशी.
माघारी फिरणारं रक्तच ढकलतं त्याला,
आणि ते बंद होतं."

त्या रात्री मी एकाच खुर्चीखाली दोनदा झाडलं.

जुलैत सतरा नंबरचा फॉर्म भरला.
शाळेत दाखला सापडायला नऊ दिवस गेले.
त्यावर माझं नाव शेषिकला आहे.
इथं सगळे शेषामावशी म्हणतात,
मलाही ते नाव ओळखायला थोडा वेळ लागला.
नववी पास, असंही लिहिलंय.

आता ऐंशी खुर्च्या झाल्या की
मीटरच्या पेटीखालच्या स्टुलावर बसते.
वर्गसमीकरण.
एका गणिताला दोन उत्तरं असतात
आणि दोन्ही बरोबर असू शकतात,
हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.
पुस्तक मिटते. लिहिते. उघडते.
सोमवारी पाचातली पाच चुकली.
गुरुवारी चार.
शिवलीलाला रविवारी समजावून सांगायचंय,
ती मुद्दाम येडे प्रश्न विचारते.

माझे चिठोरे मी वेगळे झाडते,
सुपलीत घेऊन मोजते.

एक वाजला की दिवा घालवते.
अजून दोन गणितं राहिलीत,
राहू दे.
विरजण लावलंय.